सातवीतल्या मुलीला विद्यापीठात विज्ञान स्वतः करून बघता येईल का?

येईल, पण दिवस बघून जा. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या सुमारास संभाजीनगरच्या किंवा नांदेडच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागात आधी फोन करून विचारा. "मुलांना हात लावू देता का?" हे स्पष्ट विचाराच. नुसती पोस्टरं बघून पोरं दहा मिनिटांत कंटाळतात.

हाताने करून बघायच्या प्रयोगांत मला सगळ्यात आवडतो तो मातीचा. तीन बाटल्या कापून उलट्या धरायच्या, तोंडाला फडकं बांधायचं. एकीत काळी माती, एकीत मुरूम, एकीत वाळू. तिन्हींत सारखंच पाणी ओतून घड्याळ लावायचं. वाळूतून पाणी भराभर खाली येतं, काळ्या मातीत अडून बसतं. मुरमाड रानातल्या शेततळ्याला प्लास्टिकचा कागद का अंथरतात, हे मग पोरगी आपणहून सांगते. आपल्या दुष्काळी भागात याहून जवळचं विज्ञान कोणतं?

इंजिनिअरिंगसाठी एक लहान आणि एक मोठी सिरिंज, नळी आणि पाणी. दोन्ही सिरिंज पाणी भरलेल्या नळीने जोडायच्या आणि लहानीचा दट्ट्या दाबायचा. मोठ्या सिरिंजचा व्यास दुप्पट असेल तर तिथे जोर जवळपास चौपट मिळतो, पण तिचा दट्ट्या पाव अंतरच सरकतो. जेसीबीचा हात असाच उचलतो. सुया मात्र घरीच काढून टाका.