मिरजेत मेट्रन म्हणून रुजू होताय, तर आधी ड्युटी लिस्टला हात लावू नका

ताई, पुढच्या महिन्यात तुम्ही अमरावतीहून मिरजेच्या एका खासगी हॉस्पिटलात मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची प्रमुख, म्हणून येणार आहात. घर, मुलं तिकडेच राहणार. नवा स्टाफ आपलं मानेल का आणि एकटीला करमेल का, असं तुम्ही विचारलंय. मी अकोल्याची. २०१८ च्या जूनमध्ये याच गावात याच पदावर आले, म्हणून लिहिते.

मिरज हे दवाखान्यांचंच गाव. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल काढलं. आज कर्नाटकातल्या अथणी, चिकोडी, विजापूरकडचेही पेशंट इथं येतात. माझ्याकडच्या दोन सिस्टरांच्या आज्याही नर्स होत्या. अशा स्टाफला पहिल्याच दिवशी काम शिकवायला जाऊ नका.

मी गेले, आणि चुकले. अकोल्याला दुपारची ड्युटी नऊला सुटायची, इथं आठला. ओव्हर, म्हणजे पुढच्या ड्युटीला पेशंटची माहिती, घाईत दिला जातो असं वाटून मी आठवड्याभरातच ती नऊवर नेली. कुणी काही बोललं नाही. ‘बरं मॅडम’ म्हणाल्या सगळ्या. मग रजेचे अर्ज वाढले, दुपारच्या ड्युटीला नेमकं कुणीतरी आजारी पडायला लागलं. मला तो हट्टीपणा वाटला. शेवटी एका रात्री राऊंडला कॅज्युअल्टीतल्या मावशी म्हणाल्या, “तासगावच्या सिस्टरांची यष्टी रोज चुकतीय. तुमाला कुणी बोललं न्हाई व्हय?”

दुसऱ्याच दिवशी वेळ पुन्हा आठ केली आणि सगळ्या इन्चार्ज सिस्टरांसमोर माफी मागितली. त्यानंतर एक वही केली. प्रत्येकीच्या नावापुढं ती कुठून येते, कशानं येते, घरी लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे का, एवढंच. मावश्या आणि वॉर्डबॉय मामांचीही नावं त्यात घातली. महिनाभर रोज थोडं थोडं विचारत गेले, तेही रात्री, कारण दिवसा केबिनमध्ये बोलावलं की माणूस आखडतो. पहिल्या महिन्यात आठवड्याला दोन नाइट तरी स्वतः काढा, असं मी कळकळीनं सांगेन.

त्या वहीची खरी किंमत ऑगस्ट २०१९ मध्ये कळली. कोयना धरणातून पाणी सोडलं की इथं प्रत्येकाचं लक्ष सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पातळीवर असतं: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जयसिंगपूरच्या सिस्टर कृष्णेवरचा अंकलीचा पूल ओलांडून येतात, हे वहीत होतं. पाणी वाढतंय दिसताच त्यांना विचारून, कपडे घेऊन हॉस्टेलला राहायला बोलावलं. ज्या दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉटला राहायच्या, त्यांना उलट सुट्टी दिली, कारण सांगलीत पाणी आधी तिथं शिरतं आणि त्यांना सामान हलवायचं होतं. रस्ते बंद झाले, पण एकही वॉर्ड सिस्टरविना राहिला नाही. घर आवरून आलेल्यांनी नंतर न सांगता डबल ड्युट्या केल्या. जुलै-ऑगस्टची ही तयारी तुम्ही जूनमध्येच करून ठेवा.

थोडं कानडी शिका. ‘एल्ली नोवू?’ म्हणजे कुठं दुखतंय, आणि ‘ऊटा आयता?’ म्हणजे जेवलात का. एवढ्यावरही अथणीची आजी हात धरून बोलायला लागते.

करमण्याचं म्हणाल, तर संध्याकाळ जड जाते, पहिले तीन-चार महिने फार. मी मुलांना फोन करायची वेळ साडेसातची ठरवली आणि ती सगळ्या इन्चार्जना सांगून टाकली. लपवलं नाही. आपण त्यांची घरं विचारतो, मग आपलं घरही त्यांना कळायला नको का? माझ्या धाकट्याची दहावीची परीक्षा सुरू झाली तेव्हा पेपर कसा गेला हे मावश्या रोज विचारायच्या.

आणि महाराष्ट्र एक्सप्रेस अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून थेट मिरजेला येते, गाडी बदलावी लागत नाही. मुलांची दिवाळीच्या सुट्टीची तिकिटं बुकिंग सुरू होताच काढून ठेवा. पहिल्या दिवाळीला तुम्हाला ड्युटी सोडून जाता येणार नाही, त्यांनाच इकडे यावं लागेल.