भाषेच्या उगमावरील परिषदेत मराठीच्या विद्यार्थ्याचे काय काम?

आपण विचारले आहे की मराठीत एम.ए. करणाऱ्या, भाषाविज्ञानाची स्वतंत्र पदवी नसलेल्या विद्यार्थ्याने भाषेच्या उगमावरील आंतरराष्ट्रीय परिषदेला निबंध पाठवावा का, आणि संस्कृत आधीची की तमिळ याचा निकाल तेथे लागतो का. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देऊन टाकते: हा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही. भाषांची तुलना करून मूळ रूपे शोधण्याची पद्धत आठ-दहा हजार वर्षांपलीकडे फारशी पोहोचत नाही आणि आपली मानवजात सुमारे ३ लाख वर्षे जुनी आहे; त्या हिशेबात संस्कृत आणि तमिळ या दोन्ही कालपरवाच्या भाषा ठरतात. पहिल्या भागाचे उत्तर मात्र थोडक्यात देणे मला जमणार नाही, कारण असाच प्रश्न मी एकदा विचारला होता आणि तेव्हा मिळालेले उत्तर अजून विसरता आलेले नाही.

२०१० साली एका तालुक्याच्या गावी भरलेल्या राज्यस्तरीय चर्चासत्रात मी शोधनिबंध वाचला. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि बीजभाषण आटोपेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली होती, त्यामुळे पंधरा मिनिटांच्या निबंधांना सात-सात मिनिटे मिळाली. माझा विषय होता लहान मुलांशी बोलताना आपण वापरतो ते शब्द: भूभू, माऊ, चिऊ, काऊ, हम्मा. प्राण्याच्या आवाजावरून त्याचे नाव पडते, तेव्हा मानवी भाषेचा आरंभही अशाच अनुकरणातून झाला असावा, असे माझे प्रतिपादन होते. आधाराला मी वेदांतील शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन यास्काचार्यांना घेतले होते. ‘काक इति शब्दानुकृतिः’, म्हणजे ‘काक’ हे नाव आवाजाच्या अनुकरणातून आले आहे, असे त्यांच्या निरुक्त या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे आणि पक्ष्यांच्या नावांत हे पुष्कळ आढळते, असेही लगेच पुढे सांगितले आहे.

चौथ्या मिनिटालाच सत्राध्यक्षांनी घंटी वाजवली. ते माझे पीएच.डी.चे मार्गदर्शकही होते. भर सभागृहात ते म्हणाले की पॅरिसच्या भाषाशास्त्रीय मंडळाने १८६६ सालीच या विषयावर बंदी घातली आहे, तेव्हा बाईंनी दीडशे वर्षांनंतर तरी तो सोडावा. सभागृह हसले. पुढच्या महिन्यात माझ्या आराखड्यातून ते प्रकरण वगळण्यात आले, आणि अशा परिषदांना निबंध पाठवू का, असे मी विचारले तेव्हा ‘आधी नोकरी कायम होऊ द्या’ एवढेच उत्तर मिळाले.

या बंदीविषयी मला स्पष्ट लिहायचे आहे, कारण आपल्याकडे ती ब्रह्मवाक्यासारखी सांगितली जाते. पॅरिसच्या त्या मंडळाच्या १८६६ च्या नियमांतील दुसरे कलम एवढेच सांगते की भाषेच्या उगमावरील किंवा जागतिक भाषेच्या निर्मितीवरील कोणताही निबंध मंडळ स्वीकारणार नाही. एका संस्थेने आपल्या बैठकांसाठी केलेला हा नियम होता. त्यामागे कारणही होते: पुराव्यावाचून कल्पना लढवणाऱ्यांचे त्या काळी पेव फुटले होते, आणि भाषाशास्त्रज्ञ मॅक्स म्यूलर यांनी १८६१ च्या व्याख्यानांत अनुकरणवादाला ‘बाऊ-वाऊ’ (म्हणजे इंग्रजीतले भूभू) असे नाव देऊन त्याची टर उडवली होती. परंतु त्यानंतर जीवाश्म सापडले, आनुवंशशास्त्र आले, मूकबधिरांच्या खुणांच्या भाषांचा अभ्यास सुरू झाला. न्यूयॉर्कच्या विज्ञान अकादमीने १९७५ मध्ये याच विषयावर मोठी परिषद भरवली, आणि १९९६ मध्ये एडिंबरो येथे सुरू झालेली इव्होलँग ही भाषेच्या उत्क्रांतीवरील परिषद तेव्हापासून साधारणपणे दर दोन वर्षांनी निरनिराळ्या देशांत भरत आली आहे. एवढे सगळे घडून गेल्यावर एका मंडळाचा जुना नियम दाखवून विद्यार्थ्याचे तोंड बंद करणे हा निव्वळ आळस आहे.

२०१२ च्या मार्चमध्ये इव्होलँग जपानमधील क्योतो येथे होती. मी मार्गदर्शकांना न विचारता दोन पानांचा सारांश पाठवला आणि तो भित्तिपत्रक (पोस्टर) म्हणून स्वीकारला गेला. महाविद्यालयाकडून प्रवासखर्च मिळण्याचा प्रश्नच नव्हता. सेवकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढले आणि त्याचे हप्ते पुढची दोन वर्षे फेडले.

भित्तिपत्रकाशेजारी उभे राहण्याचा तो एक प्रहर म्हणजे माझे खरे शिक्षण होते, असे मी आजही मानते. खुणांच्या भाषांवर काम करणाऱ्या एक बाई आल्या, त्यांनी सगळा मजकूर सावकाश वाचला आणि विचारले, ‘हे शब्द मूल आपणहून बोलते की मोठी माणसे त्याला शिकवतात?’ मी म्हटले, मोठी माणसे. ‘मग ज्यांना भाषा आधीच येते त्यांनी घडवलेले हे शब्द आहेत. ज्यांना भाषाच नव्हती त्यांच्याविषयी यावरून काय कळणार?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेजारच्या जपानी विद्यार्थ्याने तेवढ्यात हसत सांगितले की त्यांच्याकडे कोंबडा ‘कोकेकोक्को’ करतो. आपला ‘कुकूचकू’ करतो, इंग्रजांचा ‘कॉक-अ-डूडल-डू’, आणि कोंबडा तर सगळीकडे एकच आहे. म्हणजे अनुकरणसुद्धा आपापल्या भाषेच्या ध्वनिव्यवस्थेतून गाळूनच बाहेर पडते. दोन वर्षे जपलेला माझा सिद्धांत पाच मिनिटांत आडवा झाला, आणि त्या वेळी कोणी हसले नाही.

परत आल्यावर मी निरुक्त पुन्हा उघडले. यास्काच्या त्या वाक्यांपाठोपाठच ‘न शब्दानुकृतिर्विद्यत इत्यौपमन्यवः’ असे आहे: शब्दानुकरण असे काही नसतेच, हे औपमन्यव या दुसऱ्या प्राचीन आचार्याचे मत. त्याच्या मते काक म्हणजे हाकलून लावण्याजोगा. (व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली आहे, पण वाळवणे राखणाऱ्या कोणालाही ती पटेल.) हे वाक्य मी निबंधात घेतले नव्हते, कारण ते मला गैरसोयीचे होते. माझ्या मार्गदर्शकांनी पॅरिसला न जाता पुढची ओळ वाचून दाखवली असती, तर मी तेथेच निरुत्तर झाले असते, आणि मला पतसंस्थेचे कर्जही काढावे लागले नसते.

आता तेथे नेमके काय चालते याविषयी. संगणकशास्त्रज्ञ, वानरांचे अभ्यासक, पुरातत्त्वज्ञ आणि भाषावैज्ञानिक एकाच ठिकाणी जमतात आणि प्रश्न लहान करून घेतात. उदाहरणादाखल भाषेच्या उत्क्रांतीचे अभ्यासक सायमन कर्बी आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग घ्या. तीन आकार, तीन रंग आणि तीन हालचाली यांची मिळून २७ चित्रे होतात; प्रत्येकाला एक निरर्थक शब्द देऊन त्यांतील काही जोड्या एका माणसाला शिकवल्या आणि मग सगळ्याच चित्रांना नावे द्यायला सांगितले. त्याने दिलेली उत्तरे, चुकांसकट, पुढच्या माणसाला भाषा म्हणून शिकवली, आणि अशा दहा पिढ्या चालवल्या. पहिल्या खेपेस शब्द कमी होत गेले आणि अनेक चित्रांना एकच नाव पडले. दुसऱ्या खेपेस संशोधकांनी एकाहून अधिक चित्रांना पडलेली नावे पुढे जाण्याआधी गुपचूप गाळली, तेव्हा शेवटी शब्दाचा एक तुकडा रंग, दुसरा आकार आणि तिसरा हालचाल दाखवू लागला, जणू प्रत्यय लागावेत तसा. व्याकरण रचण्याचा कोणाचाही हेतू नव्हता; प्रत्येकाला वाटत होते की आपण शिकलेलेच परत सांगत आहोत. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुले प्रथमच शाळांत एकत्र आली आणि त्यांच्यात नवी खुणांची भाषा घडत गेली, तो अभ्यासही याच मार्गावरचा आहे.

तेव्हा आपण निबंध अवश्य पाठवा. पदवी कोणती हे महत्त्वाचे नाही, पुरावा कोणता हे पाहिले जाते. सुरुवात दोन पानांच्या सारांशाने करा आणि एका निबंधात एकच मुद्दा मांडा. आपल्याकडच्या चर्चासत्रांत चालणारी ‘एक चिकित्सक अभ्यास’ छापाची शीर्षके तेथे टिकत नाहीत. नाव पाहून निर्णय होईल अशी भीती वाटत असेल, तर २०१६ च्या परिषदेत परीक्षकांपासून लेखकांची नावे लपवण्यात आली होती, आणि स्त्री प्रथमलेखक असलेल्या निबंधांना त्या वेळी पूर्वीपेक्षा वरचे गुण मिळाल्याचे दोन संशोधकांनी दाखवून दिले, हे लक्षात असू द्या. मला ते वाचून आश्चर्य वाटले नाही.

काही गोष्टी उशिरा सांगते आहे. नोंदणीशुल्क आणि प्रवास मिळून खर्च मोठा होतो, आणि सारांश नाकारला जाणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. माझे पुढचे दोन नाकारले गेले. आपण मराठीच्या बालभाषेवर किंवा अनुकरणवाचक शब्दांवर लिहिणार असाल, तर ते भाषेच्या उगमाचे पुरावे म्हणून मांडू नका. मुलांना शब्द शिकण्यास त्यांची मदत होते का, हा प्रश्न त्यापेक्षा तपासण्याजोगा आहे. हेही मान्य करायला हवे की माझा सिद्धांत कच्चा होता, म्हणजे सरांचा निकाल बरोबर होता. त्यांनी दिलेले कारण मात्र चूक होते, आणि मला अजून सलते ते कारण. आपल्या मार्गदर्शकांनी १८६६ चा दाखला दिलाच, तर त्या कलमाचा उत्तरार्ध काय आहे, एवढे त्यांना नम्रपणे विचारून पाहा.