बिलातले दोनशे युनिट आणि छतावरचं सोलर

अनगोळहून एक वाचक: आमचं स्लॅबचं घर, माणसं पाच. उन्हाळ्यात २१० ते २३० युनिट जातात, बाकीच्या महिन्यांत १७०-१८०. एक जण घरी येऊन सांगून गेला, तीन किलोवॅटचं सोलर बसवा, ७८ हजार सबसिडी वजा करून उरलेलेच पैसे द्या. काय करू?

दादा, त्याला आज 'हो' म्हणू नका. आधी वर्षभराची बिलं काढा आणि एका ओळीत मांडा.

आपल्या कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. २०२२-२३ मधली तुमची महिन्याची सरासरी आणि त्यावर दहा टक्के, एवढी वीज फुकट. त्याहून जास्त जाळली पण दोनशेच्या आत राहिलात, तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. दोनशेची रेघ ओलांडली की मात्र सगळ्या बिलाचे पैसे, पहिल्या युनिटापासून. म्हणजे २१० युनिटांच्या महिन्यात त्या वरच्या दहा युनिटांपायी तुम्ही हजाराच्या वर रुपये भरता. मी चाळीस वर्षं या बेळगावात वायरिंगची कामं केली. वीज वाचवणाऱ्याला इतका रोख फायदा देणारी दुसरी योजना मी पाहिली नाही, आणि लोक ती फुकट विजेची म्हणूनच ओळखतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता स्टूल घ्या आणि पंख्याच्या मोटरवरचं स्टिकर वाचा. जुना असेल तर ७५ वॅटच्या आसपास आकडा दिसेल. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा पंखा तेवढाच वारा साधारण ३० वॅटमध्ये देतो. दिवसाला दहा तास धरले, तर एका पंख्यामागे महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात, तीन पंख्यांमागे चाळीस. तुमचे २३० तिथेच १९० वर येतात. पंख्यांवर स्टार लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे, दुकानात ते बघून पाच स्टारचाच मागा.

दुसरं काम स्लॅबचं. एप्रिलमध्ये रात्री नऊला वरच्या खोलीत छताला हात लावून पाहा, उतरवलेल्या तव्यासारखं ऊबदार लागतं. ती ऊब पहाटेपर्यंत खाली येत राहते, म्हणून पंखा पाचवर ठेवूनही झोप लागत नाही. पावसाळा संपून स्लॅब नीट वाळला की गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग द्या. तो परवडत नसेल तर चुन्याचे दोन हात द्या, फक्त ते दरवर्षी द्यावे लागतील.

एवढं करूनही सोलर हवंच असेल, तर पीएम सूर्यघर योजनेचा हिशेब असा. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, आणि ७८ हजारांच्या वर काही नाही. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं. तुमच्या घराला दोन किलोवॅट पुरतात, तिसरा घेण्यात अर्थ नाही. आणि ही सबसिडी कुणी एजंट वजा करून देत नसतो. पोर्टलवर अर्ज, नोंदणीकृत विक्रेता, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं), तपासणी, इतकं झाल्यावर ती थेट तुमच्या बँक खात्यात येते. त्याच्याकडून पूर्ण किमतीचं कोटेशन लेखी घ्या. पॅनेल डीसीआर, म्हणजे आतल्या सोलर सेलपासून भारतात बनलेली आहेत, हेही त्यात लिहून घ्या. नाहीतर सबसिडी अडते.

पण तुमचे नऊ महिने आधीच जवळजवळ फुकटात जातात. मग सोलर तुमचे पैसे वाचवणार कुठले? ज्यांचं बिल बारा महिने तीनशे-चारशे युनिटांचं आहे, त्यांनी ते जरूर घ्यावं. तुम्ही पंखे बदला.

टिळकवाडीतून एक दांपत्य: पहिलाच फ्लॅट घेतोय. बिल्डर म्हणतो, ग्रीन बिल्डिंग आहे, सरकारी सूट मिळेल.

'ग्रीन' या शब्दाला सूट नाही. सूट तुमच्या उत्पन्नावर आणि घराच्या किमतीवर आहे. प्रधानमंत्री आवास शहरी २.० मध्ये वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि देशात कुठेही नावावर पक्कं घर नाही, असं असेल तर कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज-अनुदान मिळतं. ते पाच हप्त्यांत येतं, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. फ्लॅट मात्र दुपारी तीनला जाऊन बघा. पश्चिमेच्या भिंतीला मोठी काच असेल तर इमारतीच्या दुसऱ्या बाजूचा फ्लॅट मागा.

खानापूर तालुक्यातून एक भगिनी: मंगळुरी कौलांचं घर आहे. मीटर सासऱ्यांच्या नावावर, ते वारले. पुढच्या सोप्यावर (ओसरीवर) स्लॅब आहे. कौलं काढून सगळा स्लॅब घालून सोलर बसवावं म्हणतो.

वहिनी, कौलं काढू नका. उन्हाळ्यात तुमचं घर स्लॅबच्या घरापेक्षा गार राहतं, कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. फुटकी कौलं बदला, कुजलेले वासे बदला. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते, तेवढी सोप्यावर निघत असेल तर तिथेच पॅनेल बसवा. फणसाची किंवा नारळाची सावली कुठवर येते, ते सकाळी नऊला आणि दुपारी चारला पाहून खडूने रेघ मारा.

त्याआधी मीटरचं नाव. सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून (महसूल कचेरीतून) वंशावळ, पंचायतीचा घराच्या मालकीचा ई-स्वत्तू उतारा आणि दिरांची संमती घेऊन केईबीच्या, म्हणजे वीज कंपनीच्या ऑफिसात जा. (हेस्कॉम म्हणायला आम्हा जुन्यांची जीभ अजून वळत नाही.) बिलावरचा आरआर नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) लिहून न्या. कानडी अर्ज भरता येत नसेल तर संकोच करू नका, शाळेत कानडी शिकणाऱ्या मुलीला बरोबर घ्या.

नावाचं अक्षर न् अक्षर जुळवा. माझ्या वडिलांचं नाव आधारवर 'विठ्ठल', बिलावर कानडीतून इंग्रजीत येताना 'विट्टल' झालेलं. मीटर माझ्या नावावर करताना त्या एका अक्षरापायी दोन महिने गेले, तीन फेऱ्या झाल्या, एक प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तुमच्याकडे विजेचं बिल, आधार आणि बँक पासबुक तिन्ही शेजारी ठेवा आणि बोट फिरवत वाचा. मग मला पुन्हा लिहा, सोप्याचं माप आणि सावलीची रेघ दोन्ही कळवा.