टिश्यू कल्चरमध्ये कोल्ड प्लाझ्मा: कुठे उपयोगी, कुठे नाही

टिश्यू कल्चरमध्ये, म्हणजे झाडाचा छोटा तुकडा निर्जंतुक बाटलीत वाढवताना, कोल्ड प्लाझ्मा वापरता येईल का, असं तुम्ही विचारलंत. वापरता येतो. पण तुमच्या प्रश्नात दोन वेगळे हेतू एकत्र आले आहेत. मर्क्युरिक क्लोराइड (पाऱ्याचं जंतुनाशक रसायन) बंद करून एक्सप्लांट (वाढवायला घेतलेले झाडाचे तुकडे) प्लाझ्माने निर्जंतुक करायचे, हा एक. प्लाझ्मा दिलेल्या पाण्यात एमएस (मुराशिगे-स्कूग) मीडिया, म्हणजे पोषक माध्यम, बनवून कॅलसची (अजून अवयव न बनलेल्या पेशींच्या गोळ्याची) वाढ वाढवायची, हा दुसरा. पहिल्यासाठी माझं उत्तर ‘काही अंशी हो’ असं आहे. दुसऱ्यासाठी, तुम्ही लिहिलेल्या पद्धतीने, म्हणजे प्लाझ्मा-पाण्यात मीडिया करून नेहमीसारखा ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून), ‘नाही’. मी ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे यंत्रापेक्षा बाटलीतल्या झाडाच्या बाजूने लिहिते.

आधी प्लाझ्मा म्हणजे नेमकं काय देतो ते बघू. कोल्ड प्लाझ्मा म्हणजे विजेने अंशतः आयनीभूत केलेला वायू. त्यात इलेक्ट्रॉन प्रचंड तापलेले असतात, दहा हजार अंश आणि त्याहून वर, पण वायू मात्र खोलीच्या तापमानाच्या आसपास राहतो. म्हणून पान भाजत नाही. हे इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजन, नायट्रोजन आणि बाष्पावर आदळले की ओझोन, नायट्रिक ऑक्साइड, हायड्रॉक्सिल रॅडिकल, हायड्रोजन पेरॉक्साइड असे क्रियाशील रेणू तयार होतात. सोबत थोडे अतिनील किरण आणि विद्युतक्षेत्र. हायड्रॉक्सिल रॅडिकल पाण्यात अगदी क्षणभरच टिकतो, त्यामुळे जिथे तयार झाला तिथून तो जवळजवळ हलतच नाही. पेरॉक्साइड आणि नायट्रेट टिकतात आणि आत जातात. थोडक्यात, तुम्ही ऊतीला ऑक्सिडेटिव्ह ताणाची एक मात्रा देत असता आणि तीही मुख्यतः पृष्ठभागावर.

हे लक्षात घेतलं की निर्जंतुकीकरणाचा हिशोब सोपा होतो. मर्क्युरिक क्लोराइडचं ०.१ टक्का द्रावण वाईट आहे. पारा जातो कुठे, हा प्रश्न प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतःला विचारायला हवा आणि तो टाळण्याची तुमची इच्छा मला मनापासून पटते. पण ते द्रव आहे. एक-दोन थेंब ट्वीन (साबणासारखं, द्रव पसरवणारं द्रव्य) टाकलं की पेऱ्याच्या खाचेत, कळीच्या खवल्याखाली, केसाळ देठावर सगळीकडे पोहोचतं. प्लाझ्मा जेट, म्हणजे प्लाझ्माचा झोत, ज्या बाजूला रोखला तीच बाजू साफ करतो. सावलीत राहिलेला बीजाणू तसाच राहतो, बॅसिलस जिवाणूचे एंडोस्पोर (त्याचे सुप्त बीजाणू) तर आणखी चिवट. आणि ऊतीच्या आत राहणारे एंडोफायटिक जिवाणू? तिथे पारा पोहोचत नाही आणि प्लाझ्माही नाही. पहिल्या फेरीत स्वच्छ दिसलेल्या बाटल्यांत तिसऱ्या सबकल्चरला (नव्या माध्यमात हलवताना) कडेने दुधी थर येतो तो बऱ्याचदा यांचाच. तिथे मदर प्लांटची निगा आणि मेरिस्टेम कल्चर (शेंड्याच्या वाढत्या टोकापासूनचं संवर्धन) हेच उपाय आहेत.

मग प्लाझ्मा चांगला कुठे? माझ्या मते सुक्या बियांवर. बी सुप्त असतं, त्यात पाणी कमी असतं, कवच जाड असतं, त्यामुळे बुरशी मरेल आणि गर्भ जगेल अशी मात्रा सापडण्याला बरीच जागा मिळते. शिवाय कवचाचा पृष्ठभाग जलस्नेही होतो आणि पाणी लवकर शोषलं जातं. २०१२ साली मसूर, घेवडा आणि गहू यांच्या बियांवर हे नीट मोजून दाखवलं गेलं आहे, पाण्याचा थेंब बीवर किती पसरतो त्याच्या कोनावरून. अशा बियांपासून निर्जंतुक रोपं वाढवा आणि त्यांचं बीजपत्र किंवा हायपोकोटिल (बीजपत्राखालचं खोड) एक्सप्लांट म्हणून घ्या. मग कापलेल्या ओल्या ऊतीवर प्लाझ्मा मारण्याची गरजच उरत नाही. गुळगुळीत, गोल बिया आधी घ्या. सुरकुत्या आणि लव असलेल्या नंतर. ज्या झाडात बीपासून काम चालत नाही, कारण वाण तसाच्या तसा हवा असतो, तिथे सोडियम हायपोक्लोराइटची वेळ कमी करून त्याच्या जोडीला प्लाझ्मा द्यावा. एकट्या प्लाझ्मावर मी विसंबणार नाही.

वृक्षवर्गीय झाडांबद्दल वेगळा इशारा. अक्रोड, आंबा यांसारख्या फिनॉल जास्त असलेल्या झाडांत कापलेली कड आधीच काळी पडते. तिथे ऑक्सिडेशन वाढवणारी गोष्ट म्हणजे ब्राउनिंगला आमंत्रण. ते थांबवायला आपण एस्कॉर्बिक आम्ल घालतो, आणि एस्कॉर्बिक आम्ल पेरॉक्साइडला खाऊन टाकतं. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं असा प्रकार होतो, आणि निकालातून काहीच कळत नाही.

आता पाण्याकडे. हवेत विद्युत डिस्चार्ज करून केलेलं प्लाझ्मा-पाणी आम्लधर्मी असतं, पीएच सहज ३ च्या आसपास जातो. त्यात नायट्रेट, नायट्राइट आणि पेरॉक्साइड असतं. त्याची जंतूंना मारण्याची ताकद बरीचशी त्या आम्लतेत आहे, कारण कमी पीएचला नायट्राइट आणि पेरॉक्साइड मिळून पेरॉक्सिनायट्रस आम्ल होतं. ते फार तीव्र असतं आणि फार थोडा वेळ टिकतं. तुम्ही या पाण्यात एमएसचे क्षार घातलेत, पीएच ५.८ वर आणलात, की ही रसायनक्रिया जवळपास थांबते. मग ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवलंत की पेरॉक्साइडही विघटित होतं. राहतं मुख्यतः नायट्रेट. १९६२ च्या मुराशिगे-स्कूग माध्यमात नायट्रेट आधीच सुमारे ४० मिलिमोलर आहे आणि अमोनियम सुमारे २०. छोट्या यंत्रातून निघालेल्या पाण्यात ते फार तर एखाद-दोन मिलिमोलर भरेल. त्याने कॅलस वाढला असं म्हणणं मला धाडसाचं वाटतं.

वापरायचंच असेल तर मीडिया थोड्या कमी पाण्यात करून ऑटोक्लेव्ह करा, साधारण पन्नास अंशांपर्यंत निवू द्या आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं ताजं प्लाझ्मा-पाणी मग मिसळा. आगर सेट होतो का बघा, कारण पीएच ५ च्या खूप खाली गेला तर जेल ढिली राहते. माध्यमात अॅक्टिव्हेटेड चारकोल नको. शिवाय माध्यमातलं लोह पेरॉक्साइडशी क्रिया करतं, त्यामुळे ओतल्याच्या दिवशीचा पेरॉक्साइड आणि आठवड्यानंतरचा एकच नाही. तो मोजून लिहून ठेवा.

कॅलसवर किंवा एक्सप्लांटवर थेट प्लाझ्मा देऊन वाढ किंवा दुय्यम चयापचयी द्रव्यं (वाढीला थेट न लागणारी, झाडाने बनवलेली रसायनं) वाढवणं हा भाग मला खरोखर रस वाटावा असा आहे. त्यामागचं कारण नीट समजण्यासारखं आहे: थोडं पेरॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड हे झाडाचे स्वतःचेच संदेशवाहक आहेत, कॅटलेज, पेरॉक्सिडेज, पीएएल (फिनिलअॅलॅनिन अमोनिया-लायेज) या एन्झाइमांची हालचाल त्यांनी सुरू होते. जास्त झालं की तीच ऊती मरते. मधली मात्रा काही सेकंदांत असते की मिनिटांत, हे यंत्र, अंतर, वायू आणि हवेतली आर्द्रता यांवर ठरतं. दुसऱ्याच्या पेपरमधली ‘साठ सेकंद’ तुमच्या यंत्रावर काहीच सांगत नाहीत. सेकंदांसोबत व्होल्टेज, फ्रीक्वेन्सी, अंतर आणि वायूचा प्रवाह लिहा.

आणि कंट्रोल. या विषयातले बरेच निकाल इथेच लंगडे पडतात. काहीच न केलेली बाटली एवढा कंट्रोल पुरत नाही. डिस्चार्ज बंद ठेवून तेवढाच वेळ तोच वायू सोडलेला गट हवा, कारण जेट ऊतीला सुकवतो आणि सुकणं हाही ताणच आहे. आधी-नंतर वजन घ्या. पाण्याच्या प्रयोगात तेवढंच पेरॉक्साइड, तेवढंच नायट्राइट-नायट्रेट आणि तेवढाच पीएच बाहेरून मिसळून केलेला गट हवा. तो प्लाझ्मा-पाण्याइतकाच चालला तर यंत्राची गरज नव्हती, आणि हाही छापण्यासारखाच निकाल आहे. एका बाटलीतले पाच एक्सप्लांट ही पाच पुनरावृत्ती नव्हेत, बाटली हेच एकक धरा.

एक सुरक्षिततेची गोष्ट, ही कृपया सोडू नका. टिश्यू कल्चरचं लॅमिनार म्हणजे गाळलेल्या हवेच्या प्रवाहातलं, ७० टक्के अल्कोहोलने पुसलेलं टेबल. तिथे किलोव्होल्टची ठिणगी आणू नका. शिवाय लॅमिनारचा वारा तुमचे क्रियाशील वायू उडवून नेतो, आणि आडव्या प्रवाहाच्या लॅमिनारमध्ये तो थेट तुमच्या तोंडावर येतो. ओझोनची कामाच्या जागेची मर्यादा ०.१ पीपीएम आहे, आणि नाक त्या वासाला लवकर सरावतं. नमुना बंद पेट्री डिशमध्ये किंवा छोट्या निर्जंतुक कक्षात ठेवा, एक्झॉस्ट असलेल्या जागी डिस्चार्ज द्या आणि डिश बंदच लॅमिनारमध्ये आणा.

बाटल्या प्लाझ्माने निर्जंतुक करण्याचंही विचारलंत: उष्णता न सोसणाऱ्या प्लास्टिकसाठी रुग्णालयांत असतं तसं हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा स्टरिलायझर चांगलं चालतं, पण कापसाचे बोळे आणि कागद त्यात ठेवू नका, सेल्युलोज पेरॉक्साइड शोषून घेतं. द्रव माध्यमही त्यात होत नाही.

तुमचं झाड कोणतं, यंत्र डीबीडी (विद्युतरोधक थर मध्ये ठेवून डिस्चार्ज देणारं) आहे की जेट, आणि वायू हवा आहे की आर्गॉन, हे लिहिलंत तर सुरुवातीच्या मात्रांची मालिका कशी लावावी ते सांगते.