गप्पी गेला कुठं?

प्रश्न : आमच्या काचटाकीतला गप्पी मासा रातोरात गायब. मेलेलाही दिसत नाही. आई म्हणते बोक्यानं नेला. पण झाकण लागलेलं होतं. टाकीत एंजल मासा अन् गोगलगायी आहेत.
– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : बोक्याला उगाच बदनाम करू नका. माझा संशय एंजलवर. दिसायला देखणा, पण तोंडात मावेल ते गिळतो. गप्पी लहान असेल तर संपलाच. तरी फिल्टरची जाळी काढून बघा, अन् टाकीमागची फटही. हवेच्या नळीसाठी झाकणाला ठेवलेल्या फटीतून मासा उडी मारतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तर जास्तच : पाणी तापलं की प्राणवायू कमी होतो, त्यात लाइन गेली की पंप बंद. नाहीच सापडला, तर पाव टाकी पाणी बदला. कुजता मासा अमोनिया सोडतो, अन् तो बाकीच्या माशांना विषारी.