बदलापूरला मामाकडे, डोंबिवलीला एकटीने, की विद्याविहारच्या पीजीत?

लातूरच्या एका 24 वर्षांच्या वाचक मुलीचं पत्र आलं आहे. तिला मुंबईत बीकेसीमधल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, एका कंपनीत पहिली नोकरी लागली आहे आणि 15 जूनला रुजू व्हायचं आहे. हातात महिना 46 हजार येतील. त्यातून शैक्षणिक कर्जाचा हप्ता 5,500 जाईल. शिल्लक 70 हजार आहे. मुंबईत ती याआधी कधी राहिलेली नाही. मामा बदलापूरला राहतात, ते "भाडं कशाला भरतेस, ये इकडेच" म्हणतात. डोंबिवली पूर्वेला 10,500 भाड्याने वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) मिळतंय, डिपॉझिट 50 हजार. विद्याविहारला दोघींच्या खोलीचं पीजी आहे, दोन वेळच्या जेवणासकट 16 हजार. मुलुंडला दोन मुलींना तिसरी जोडीदार हवी आहे. तिथल्या टू बीएचकेचं भाडं 42 हजार, डिपॉझिट दीड लाख, दोन्ही तिघींत वाटून. वडिलांचा विचार वेगळाच आहे. भाड्यात पैसा घालवण्यापेक्षा डोंबिवलीजवळच्या, अजून बांधून व्हायच्या इमारतीत 48 लाखांचा वन बीएचके तिच्या नावावर बुक करावा, निवृत्तीच्या पैशातले 10 लाख आपण घालू, असं त्यांचं म्हणणं. "यातलं कमीत कमी नुकसानीचं काय?" असं तिने विचारलं आहे.

तुम्ही "सर्वांत स्वस्त काय" असं न विचारता नुकसानीचं विचारलंत, हे मला फार बरं वाटलं. नवीन शहरात पहिल्या वर्षी भाडं किती यापेक्षा, निर्णय चुकला तर बाहेर पडायला किती लागेल हे आधी पाहावं. पहिल्या सहा महिन्यांत टीम बदलते, ऑफिस हलतं, खोलीतली जोडीदार पटत नाही, कधी नोकरीच नकोशी होते. तेव्हा महिन्याच्या नोटिशीवर हलता आलं पाहिजे. माझं पुढचं सगळं उत्तर या एका कसोटीवर उभं आहे.

आधी वडिलांच्या प्रस्तावाचं बघू, कारण त्यात सर्वांत मोठी रक्कम आहे आणि ती त्यांच्या म्हातारपणाची आहे. 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देऊ शकते. म्हणजे कर्ज 38 लाख 40 हजार आणि पदरचे 9 लाख 60 हजार. वडिलांनी 10 लाखांचा अंदाज इथेच थांबवला असावा. पण बांधकाम सुरू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. किंमत 45 लाखांपर्यंत आणि घर लहान असेल तर 1 टक्का, त्यावर गेलं की 5 टक्के. 48 लाख म्हणजे 5 टक्क्यांत, ते झाले 2 लाख 40 हजार. महिला खरेदीदाराची 1 टक्क्याची सवलत धरूनही मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे तीन लाखांच्या आसपास जातील. बेरीज 15 लाखांवर पोचली. तुम्ही लिहिलंय की वडिलांचे 15 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत. 8.2 टक्क्यांनी त्यातून दर तिमाहीला 30,750 रुपये, म्हणजे महिन्याला दहा हजारांहून थोडे जास्त, आईवडिलांच्या घरात येतात. घर घेतलं तर ती आवक पूर्ण बंद होईल.

आता हप्ता. 8 टक्के व्याज आणि 20 वर्षं धरली तर तो साधारण 32,100 होतो. तुमच्या हातात येतात 46 हजार, त्यातून आधीच 5,500 जातात. उरलेल्या सव्वाआठ-साडेआठ हजारांत मुंबईत राहायचं कसं? ताबा मिळेपर्यंत भाडंही चालूच राहणार. त्याच भागात तसाच तयार वन बीएचके 13 हजार भाड्याने मिळतो, हे तुम्हीच चौकशी करून लिहिलंय. जे घर 13 हजारांत वापरायला मिळतं त्यासाठी 32 हजारांचा हप्ता, आणि तोही तुम्हाला त्या दिशेला राहायचंय का हे ठरायच्या आधीच. माझं उत्तर स्पष्ट "नाही" असं आहे. वडिलांना हे आकडे कागदावर मांडून दाखवा आणि त्यांच्या इच्छेचा मान राखून सांगा की घर घ्यायचं आहेच, पण त्यांच्या पेन्शनच्या जोडीला असलेली ती तिमाही आवक मोडून नाही.

घरात आणि ऑफिसात या निमित्ताने टॅक्सचा मुद्दा निघेल, म्हणून तोही आताच सांगते. कोणी म्हणेल, भाडं जास्त दाखव, एचआरएवरचा (घरभाडे भत्त्यावरचा) कर वाचतो. वडील म्हणतील, गृहकर्जाच्या व्याजावर सूट मिळते. या दोन्ही सवलती जुन्या करप्रणालीतल्या आहेत. आर्थिक वर्ष 2025-26 पासून नव्या प्रणालीत पगारदारांना 12 लाख 75 हजारांपर्यंतच्या वेतनावर प्राप्तिकरच लागत नाही. तुमचा वर्षाचा पगार त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. जो कर भरायचाच नाही तो वाचवण्यासाठी घर निवडू नका.

उरलेले चार पर्याय. पत्रात तुम्ही फक्त भाड्यांची तुलना केली आहे, म्हणून डोंबिवली स्वस्त वाटली. महिन्याचा पूर्ण खर्च मांडून पाहा. पीजीचे 16 हजार, नाश्ता आणि रविवारचं जेवण 2 हजार, विद्याविहार ते कुर्ला एक स्टेशन आणि तिथून शेअर रिक्षा किंवा बेस्टची बस मिळून 1,500. झाले 19,500. डोंबिवलीत भाडं 10,500, डबा 6 हजार, वीज-गॅस-नेट 1,800, लोकलचा पास आणि दोन्ही टोकांच्या रिक्षा 2,500. झाले 20,800. मुलुंडला 14 हजार, स्वयंपाकाची बाई, किराणा वगैरे 6 हजार, बिलांचा वाटा 1,500, प्रवास 2 हजार, म्हणजे 23,500. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण डोंबिवलीची खोली पीजीपेक्षा स्वस्त पडत नाही एवढं नक्की.

त्याहून मोठी अडचण पहिल्या महिन्याची आहे. डोंबिवलीला 50 हजार डिपॉझिट, पहिलं भाडं, एजंटचं एका महिन्याचं भाडं, करारनाम्याचा खर्च आणि गादी, शेगडी, भांडी, पंखा मिळून सहज 90 हजार उभे करावे लागतील. मुलुंडलाही जवळपास तेवढेच. तुमच्याकडे आहेत 70 हजार, आणि 15 जूनला रुजू झाल्यावर पहिला पगार अर्ध्याच महिन्याचा असेल. काही कंपन्यांत महिन्याच्या मध्यानंतर रुजू झालेल्यांचा पगार पुढच्या महिन्यात जातो, तेव्हा एचआरला हे आजच विचारा. स्थलांतराचा भत्ता किंवा पहिल्या दोन आठवड्यांची राहण्याची सोय कंपनी देते का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. नवे लोक संकोचाने विचारत नाहीत आणि हक्काचे पैसे राहून जातात. पीजीला एक महिन्याचं डिपॉझिट आणि एक भाडं मिळून 32 हजार लागतील, 38 हजार हातात राहतील. परक्या शहरात पहिल्या महिन्यात आजारपण आलं, फोन हरवला, तर वडिलांकडे मागायची वेळ येणार नाही.

बदलापूर मात्र खरंच स्वस्त आहे. मामीच्या हातात महिना 5 हजार ठेवलेत आणि प्रवासाचे 2,500 धरले तरी 7,500. पीजीपेक्षा महिना 12 हजार वाचतात. ही रक्कम मी हलकी मानत नाही. पण बदलापूर ते कुर्ला हे 53 किलोमीटरचं अंतर आहे. लोकलचे सव्वा तास, दोन्हीकडची रिक्षा आणि गाडी चुकण्याचा वेळ धरून एका बाजूचे दोन तास जातील. महिन्याच्या 22 कामाच्या दिवसांत 88 तास. पीजीहून पाऊण तास धरला तर 33. म्हणजे 12 हजारांसाठी 55 तास, तासाला साधारण 218 रुपये. तुमचा कामाचा तास सध्या 230 च्या आसपास पडतो. तुम्ही जवळपास आपल्याच पगाराच्या दराने लोकलमध्ये उभ्या राहणार, आणि तेही पहिल्या वर्षी, जेव्हा ऑफिसात संध्याकाळी थांबून शिकलेल्या अर्ध्या तासाची किंमत पुढच्या पगारवाढीत दिसते.

शिवाय ती गर्दी. कल्याण-ठाणे पट्ट्यातून सकाळी आठच्या सुमाराला लोकल पकडणं काय असतं हे रविवारी चाचणी घेऊन कळत नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ भरलेल्या गाड्यांच्या दारातून प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला, हे तुम्ही वाचलं असेल. लाखो बायका या मार्गाने रोज जातात आणि संसार, नोकरी दोन्ही निभावतात, त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. त्यांच्यापैकी बहुतेकींचं घर, मुलांची शाळा तिकडे आहे म्हणून त्या जातात. तुमच्यावर ती सक्ती नाही. त्यातून तुम्ही नेमक्या पावसाळ्यात रुजू होताय. जोराचा पाऊस झाला की कुर्ला-शीव भागात रुळांवर पाणी येतं आणि मध्य रेल्वे रखडते. त्या संध्याकाळी विद्याविहारची मुलगी बसने किंवा चालत घरी पोचते. बदलापूरची तासन्‌तास अडकते.

म्हणून माझा सल्ला असा: जून ते नोव्हेंबर विद्याविहारचं पीजी, त्यानंतर जमलं तर मुलुंड-घाटकोपर पट्ट्यात मैत्रिणींबरोबर घर. पीजीत राहून 46 हजारांतून हप्ता आणि 19,500 वजा केले की 21 हजार उरतात. स्वतःसाठी सहा-सात हजार खर्च केलेत तरी महिना 14 हजार मागे पडतील. नोव्हेंबरअखेर आजचे 38 हजार धरून तुमच्याकडे लाखाच्या वर रक्कम असेल. डिपॉझिट तेव्हा भरा, आणि भरल्यावरही दोन महिन्यांचा खर्च खात्यात उरतोय का ते पाहून मग भरा. डोंबिवलीचा पर्याय मी पूर्णपणे सोडून देईन. एकटीने राहण्याची हौस मला कळते, पण नव्या शहरात आजारी पडल्यावर पाणी द्यायला कोणी नसलेली खोली, ऑफिसपासून दीड तासावर, तीही महाग, हे गणित जमत नाही.

पीजीला पैसे देण्याआधी काही गोष्टी लेखी घ्या. किती महिन्यांचं लॉक-इन आहे (म्हणजे किती महिने सोडता येणार नाही), नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट किती दिवसांत परत आणि त्यातून "रंगकामाचे" म्हणून किती कापणार? तुमचं ऑफिस आठला सुटतं, तर रात्रीचं दार किती वाजता बंद होतं? कोणी जीएसटी लावून बिल वाढवलं तर विचारा: जुलै 2024 पासून माणशी महिना 20 हजारांपर्यंतच्या आणि सलग किमान 90 दिवसांच्या निवासावर तो माफ आहे. जेवण एकदा तिथे प्रत्यक्ष जेवून पाहा आणि तिथल्या मुलींशी मालकिणीच्या गैरहजेरीत बोला. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांतही अर्ज करून ठेवा. तिथे उत्पन्नाच्या अटी असतात आणि जागा पटकन मिळत नाही, पण मिळाली तर खर्च बराच कमी येतो.

मुलुंडच्या घराच्या वेळी मात्र जास्त सावध राहा, कारण तिथे पैसे जास्त अडकतात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी भाड्याने राहायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे. खर्चही फार नाही. 42 हजार भाडं, 11 महिने आणि दीड लाख डिपॉझिट धरून मुद्रांक शुल्क बाराशेच्या आसपास येतं, नोंदणी हजार रुपये. एजंट याच्या कितीतरी पट सांगेल तेव्हा त्यातली त्याची फी वेगळी लिहून मागा. करारात तिघींचीही नावं हवीत. नुसती "राहायला ये" म्हणून गेलात तर मालकाच्या लेखी तुम्ही कोणीच नसता. डिपॉझिट बँकेतून द्या, रोख देऊ नका, आणि पूर्ण रक्कम करारात लिहिलेली असू द्या. तिघींपैकी एक मध्येच निघाली तर तिचा डिपॉझिटचा वाटा तिला नवी मुलगी देणार की मालक, हे तिघींनी आपसात लिहून ठेवा. चांगल्या मैत्रिणी या एका मुद्द्यावर बोलेनाशा झालेल्या मी पाहिल्या आहेत.

मामांना काय सांगायचं, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. पहिला आठवडा त्यांच्याकडेच उतरा. त्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार रोजच्या वेळेला बदलापूर-कुर्ला प्रवास होईल, माझे आकडे तुम्हालाच तपासून पाहता येतील, आणि मामा-मामींनाही तुम्ही किती वाजता घरी पोचता ते दिसेल. मग पीजीत जाण्याचं कारण समजावून सांगावं लागणार नाही. त्यांना पीजीचा पत्ता, मालकिणीचा नंबर द्या आणि स्थानिक पालक म्हणून त्यांचंच नाव लिहा. सणावाराला तिकडे जात राहा. पीजीच्या नियमांचा कागद हातात आला की सही करण्याआधी मला पाठवा, मी वाचून कळवीन.