मुलांना घेऊन खडक आणि निसर्ग बघायला जायचं, पण आम्हालाच त्यातलं काही कळत नाही. सुरुवात कशी करावी?

तुमची मुलं सात आणि अकरा वर्षांची आहेत, तुम्हा दोघांचाही भूगोल दहावीला सुटला आणि 'मुलांनी दगडाचं नाव विचारलं तर काय सांगू?' ही तुमची खरी धास्ती आहे, असं तुम्ही प्रश्नासोबत लिहिलंय. माझं ठाम मत सांगते: नावाच्या मागे लागूच नका. 'हा दगड इथे कसा आला?' हा प्रश्न धरा. तो सात वर्षांच्या मुलालाही पडतो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच जमिनीवर असतं.

पहिल्या फेरीसाठी उथळ, कोरडं पडलेलं नदीपात्र निवडा. डोंगरकड्यापेक्षा ते बरं, कारण नदीने वरच्या सगळ्या मुलखातले नमुने एका जागी आणून टाकलेले असतात. मुलांना गोलसर आणि टोकदार दगडांचे दोन ढीग करायला सांगा. गोलसर दगड पाण्यातून घासत, आपटत आलेला असतो; टोकदार दगड बहुधा जवळच्या दरडीतून सुटलेला. मऊ खडक लवकर गोल होतो आणि कठीण खडकाला वेळ लागतो. त्यामुळे नुसत्या गोलाईवरून अंतर ठरवता येत नाही, हेही त्यांना सांगा. मुलांना असे 'पण' आवडतात.

मग चपटे दगड शोधा. माझ्या मुलीला सगळ्यात जास्त वेड लागलं ते याचंच. पात्रात चपटे गोटे नुसते आडवे पडलेले नसतात. पुष्कळ ठिकाणी ते कौलांसारखे एकमेकांवर रेललेले असतात, सगळे एकाच बाजूला कललेले. खाली बसून नीट बघितलं की दिसतं: प्रत्येकाची खाली दबलेली कड पाणी येतं त्या दिशेला असते आणि वर उचललेली कड पाणी जातं त्या दिशेला झुकलेली. असा बसलेला दगड पाण्याला सहज उलटवता येत नाही. उलटा कललेला असेल तर प्रवाह त्याला पालथा घालतो. म्हणजे पात्रात थेंबभर पाणी नसलं तरी नदी कुठून कुठे वाहते, ते दगडांवरून ओळखता येतं. मुलांना आधी काही सांगू नका, 'पाणी कुठून येत असेल?' एवढंच विचारा. आणि हीच खूण जुन्या, गोट्यांच्या बनलेल्या खडकातही सापडते. कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीशी झालेली नदी कोणत्या दिशेने वाहत होती, ते भूवैज्ञानिक त्यावरून काढतात.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, लोखंडी खिळा, पाण्याची बाटली आणि छोट्या बाटलीत व्हिनेगर एवढं पुरे. दगड ओला केला की रंग आणि कण उठून दिसतात. दोन पांढरे दगड सारखेच वाटले तर खिळ्याने ओरखडा काढा. कॅल्साइटवर, म्हणजे चुनखडकातल्या खनिजावर, चर पडते. गारगोटीवर पडत नाही, उलट खिळ्याचीच करडी रेघ उमटते आणि बोटाने पुसली जाते. खनिजांना कठीणपणानुसार 1 ते 10 क्रमांक देणाऱ्या मोझच्या काठिण्यश्रेणीत कॅल्साइट 3 वर आणि गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, 7 वर आहे. ही श्रेणी 1812 सालची, आजही वापरात आहे. ओरखड्याच्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकला आणि बुडबुडे आले, तर त्यात चुन्याचा अंश आहे. ग्रॅनाइट सापडला तर तो उन्हात हळूहळू फिरवा. त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाचे सपाट पृष्ठभाग एका ठरावीक कोनात चमकून जातात, क्वार्ट्झ काचेच्या तुकड्यासारखा दिसतो आणि अभ्रकाचे पापुद्रे नखाने सुटतात.

जिवंत निसर्ग वेगळा काढून ठेवू नका. वाहत्या ओढ्यातला दगड उचलून त्याची खालची बाजू बघा. कॅडिसफ्लाय नावाच्या कीटकाच्या अळ्या आपल्या रेशमाने वाळूचे कण जोडून नळी बनवतात आणि आत राहतात. बघून झालं की दगड जसा होता तसाच परत ठेवा. कोरड्या जागेतला दगड हाताने उचलू नका, काठीने आपल्याकडे कलवा. म्हणजे खाली विंचू किंवा साप असेल तर तो पलीकडे निघून जातो.

तीन बाबतींत मी अजिबात सवलत देत नाही. वरच्या भागात पाऊस असेल किंवा धरणातून पाणी सोडणार असतील, तर पात्रात उतरायचं नाही. आणि हातोडा नको. कपची डोळ्यात जाते. सुट्या दरडीखालीही थांबायचं नाही.

मोठ्या मुलाला मेरी अ‍ॅनिंगची गोष्ट सांगा. इंग्लंडच्या लाइम रेजिसला तिचे सुतार वडील तिला आणि भाऊ जोसेफला किनाऱ्यावर जीवाश्म शोधायला न्यायचे. 1811 मध्ये जोसेफला इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याची कवटी सापडली आणि पुढच्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधला. तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. तिला शिकवायला कोणी भूवैज्ञानिक नव्हता.

संरक्षित जागेतून काहीच उचलू नका. इतरत्र परवानगी असेल तर प्रत्येकाने एकच दगड घ्यावा. घरी आल्यावर त्याच दिवशी त्यावर क्रमांक टाका आणि वहीत तारीख, जागा आणि तो पात्रात सुटा होता की खडकाला चिकटलेला, एवढं मुलाच्याच हाताने लिहून घ्या. पुढे कधी जाणकार भेटला, तर तो दगड हातात घेण्याआधी हेच विचारेल.